‘अगदी माझ्यासारखी’ हिरोईन आणि आपल्या मनातलं आपलं शरीर

रोमँटिक कॉमेडीतली हिरोईन पहिल्या पाच मिनिटांतच आपली होऊन जाते. गजर कधीच वाजून गेलेला असतो. ती धडपडत उठते, एक बूट पायात आणि दुसरा पलंगाखाली, धावता धावता कुणाच्या तरी शर्टावर कॉफी सांडते, मीटिंगमध्ये नको ते बोलून बसते. आपण हसतो आणि मनात म्हणतो, अगदी माझ्यासारखी आहे ही.

हे ‘माझ्यासारखी’ आपोआप घडत नाही, ते ठरवून घडवलेलं असतं. पडद्यावरची बाई प्रेक्षकाला जवळची वाटायची तर तिच्यात काहीतरी उणं असावं लागतं. लेखकाकडे पर्यायही भरपूर असतात. तिचं पोट सुटलेलं चालेल, दात पुढे असलेले चालतील, हनुवटीखाली वळी पडली तरी गोष्टीचं काही बिघडणार नाही. पण यातलं काहीही न देता तिला धांदरटपणा दिला जातो. धांदरटपणा कॅमेऱ्यात गोड दिसतो आणि कमरेच्या मापाला धक्का लावत नाही. मग स्वभाव आपल्यासारखा, घर आपल्यासारखं पसरलेलं, नशीबही आपल्यासारखंच फुटकं, आणि शरीर मात्र नटीचं. बायकांच्या मनावर या चित्रपटांचा जो काही परिणाम होतो, त्याचं मूळ मला या जोडकामात दिसतं.

एक आधीच कबूल करते. मला हे चित्रपट आवडतात. तापाने अंथरुणाला खिळले की मी दुसरं काही बघत नाही.

तुलना जवळच्याशी होते

शरीरप्रतिमा हा शब्द अवजड वाटतो, पण गोष्ट साधी आहे. आरशात दिसतं ते आपलं शरीर, आणि आपण डोक्यात घेऊन फिरतो ती शरीरप्रतिमा. ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञ पॉल शिल्डर यांनी १९३५ साली या विषयावर सविस्तर लिहिलं, तेव्हापासून ही कल्पना मानसशास्त्रात रुळली. आपण किती जाड किंवा बारीक आहोत असं आपल्याला वाटतं, त्याबद्दल मनात काय येतं, आणि त्यापायी आपण काय करतो किंवा करायचं टाळतो, हे सगळं तिच्यात येतं. ग्रुप फोटोत न सांगता मागच्या रांगेत जाऊन उभं राहणं, हीसुद्धा शरीरप्रतिमाच.

आता हे डोक्यातलं शरीर बरं की वाईट, हे मोजायचं कशाने? वजनाला काटा आहे, उंचीला टेप आहे, ‘बरं दिसण्या’ला काहीच नाही. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं की जिथे मोजायला पट्टी नसते तिथे माणूस दुसऱ्या माणसालाच पट्टी करतो. तो बोलत होता मतांबद्दल आणि क्षमतांबद्दल, पण पुढे संशोधकांनी तेच दिसण्यालाही लावून पाहिलं आणि ते चपखल बसलं. त्याच्या मांडणीतला एक बारकावा आपल्या कामाचा आहे. आपण कुणाशीही तुलना करत नाही. जो आपल्यासारखा वाटतो त्याच्याशी करतो. सकाळी पळायला जाणारा माणूस ऑलिंपिकच्या धावपटूशी स्वतःला ताडून बघत नाही, पण शेजारचा पुढे निघून गेला की त्याचा दिवस खराब जातो.

जाहिरातीतली मॉडेल ही त्या ऑलिंपिकच्या धावपटूसारखी आहे. तिचं कामच सुंदर दिसणं आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. रोमँटिक कॉमेडीची हिरोईन मात्र शेजारीण होऊन आत येते. तिला आपण आपल्यात घेतो, तिच्यासाठी रडतो, आणि मग नकळत तिच्याशेजारी उभे राहतो. तोवर पट्टी लागलेली असते.

त्यात भर गोष्टीची. जाहिरात अर्ध्या मिनिटात शरीर दाखवून निघून जाते. चित्रपट दीड-दोन तास त्या शरीराला काय काय मिळतं ते दाखवतो. कुणाकडे वळून बघितलं जातं, कुणासाठी विमानतळावर धावत यायचं, कुणाला पावसात थांबवून प्रेमाची कबुली द्यायची. एका चित्रपटाने काही बिघडत नाही. पण माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी टीव्हीबद्दल जे सांगितलं ते इथेही लागू पडावं. पडद्याचा परिणाम एका घावाने होत नाही, तो मुरत जातो. तीच गोष्ट शंभरदा पाहिली की ती गोष्ट राहत नाही, जगाची रीत वाटू लागते.

जिन्यावरून उतरणारी ती

या चित्रपटांतलं एक दृश्य जरा सावकाश बघू, कारण बरंचसं पाणी तिथे मुरतं.

नायक जिन्याच्या पायथ्याशी उभा आहे. घड्याळ बघतोय. मागून कुणीतरी खाकरतं, तो वळतो. आपल्याला आधी दिसते उंच टाचेची चप्पल. मग घोटा. मग झग्याची कड, कंबर, उघडे खांदे, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. गाणं सुरू झालेलं असतं, चाल संथ केलेली असते. लगेच कॅमेरा नायकाच्या चेहऱ्यावर. त्याचं तोंड किंचित उघडं. पुन्हा ती, आता लाजून हसणारी. या अवधीत ती एक शब्दही बोललेली नाही. अर्धा चित्रपट ती त्याच्याशी बोलत होती, वाद घालत होती, त्याची कामं उरकून देत होती. तेव्हा त्याला ती ‘दिसली’ नव्हती.

आणि बदललं काय? चष्मा गेला, केस सरळ झाले, भुवया कोरल्या, ढगळ शर्टाच्या जागी मापाचा झगा आला. चष्मा तिचा काढतात आणि स्पष्ट दिसायला लागतं त्याला!

यातला विनोद बाजूला ठेवून ‘आधीची’ बाई नीट बघा. आधीची बाई म्हणजे तीच देखणी, सडपातळ नटी, फक्त चष्मा लावलेली. तिला चित्रपटातले सगळे जण सामान्य, दुर्लक्ष करण्याजोगी, प्रसंगी गबाळी म्हणतात. आता प्रेक्षागृहात बसलेली बाई हिशेब करते. ही जर ‘आधीची’ असेल, तर मी कोण? मी तर त्या ‘आधी’च्याही कितीतरी आधी आहे. हा हिशेब कुणी मोठ्याने करत नाही. घरी गेल्यावर आरशापुढे दोन मिनिटं जास्त जातात, एवढंच.

हा कॅमेरा कुणाच्या डोळ्यांनी बघतो, हा प्रश्न ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ साली एका निबंधात विचारला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मुख्य प्रवाहातल्या चित्रपटात बघणारा पुरुष असतो आणि बाई असते ती बघितली जाण्यासाठी. त्या बोलत होत्या जुन्या हॉलिवूडबद्दल. बायकांसाठी म्हणून काढलेल्या, बायकांनी डोक्यावर घेतलेल्या रोमँटिक कॉमेडीतही कॅमेरा जिन्याच्या पायथ्याशीच उभा असतो, ही यातली गंमत. बघणारीला मग दोन कामं करावी लागतात. जिना उतरणारी तीच, आणि खालून बघणारीही तीच.

ही दुसरी सवय चित्रपट संपल्यावरही सुटत नाही. स्वतःच्या शरीराकडे बाहेरून, दुसऱ्याच्या नजरेने बघत राहण्याच्या या सवयीवर बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टॉमी-ॲन रॉबर्ट्स यांनी १९९७ साली सिद्धांत मांडला आणि पुढच्याच वर्षी सहकाऱ्यांसोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एकेकटं कपडे बदलायच्या खोलीत पाठवलं. आत पूर्ण उंचीचा आरसा. काहींना स्वेटर घालायला दिला, काहींना पोहण्याचा पोशाख. तो अंगावर असतानाच त्यांना गणितं सोडवायची होती. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं स्वेटरवाल्या मुलींपेक्षा जास्त चुकली. मुलांमध्ये असा फरक पडला नाही.

खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. मुलीला बघत होती ती स्वतःच, आणि त्यात डोक्यातली इतकी जागा अडली की गणिताला कमी पडली. एका प्रयोगावर फार मोठा इमला बांधू नये हे खरं, पण ती बंद खोली आणि तो आरसा माझ्या डोक्यातून जात नाही.

मैत्रीण, आईस्क्रीम आणि वजनकाटा

हिरोईनला एक मैत्रीण असते. अंगाने भरलेली, बोलायला फटकळ, चित्रपटातले सगळ्यात चांगले संवाद तिच्या वाट्याला. सल्ले तीच देते, रात्री अडीचला फोन तीच उचलते. तिला स्वतःला कुणी विचारतं का? विचारलंच तर शेवटच्या लग्नाच्या दृश्यात, वाढप्याबरोबर नाचताना, आणि तेही हसण्यासाठी.

अमेरिकन टीव्ही मालिकांची अशी मोजदाद झालेली आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा लोकप्रिय मालिकांमधली हजारावर पात्रं तपासली. जाड स्त्री पात्रं मुळात प्रत्यक्षातल्या प्रमाणापेक्षा बरीच कमी होती, आणि जी होती त्यांच्या वाट्याला प्रेम, जवळीक, स्पर्श हे सडपातळ पात्रांपेक्षा कमी आलं होतं. त्याआधी ग्रेगरी फाउट्स आणि किम्बर्ली बर्गग्राफ यांनी विनोदी मालिका तपासल्या होत्या. स्त्री पात्र जितकं जाड, तितके पुरुष पात्रांचे तिच्याबद्दलचे शेरे जास्त, आणि त्या शेऱ्यांपाठोपाठ हशा. हे आकडे मालिकांचे आहेत, चित्रपटांचे नाहीत. पण विनोदाची रचना एकच आहे. हशा हे फार परिणामकारक शिक्षण असतं. भाषण अंगावर येतं, त्याला उलट उत्तर देता येतं. विनोदाला आपण आधी हसून मोकळे होतो.

खाण्याचं तर वेगळंच गणित. मन मोडलेली हिरोईन रात्रीच्या कपड्यांत सोफ्यावर बसून आईस्क्रीमचा अख्खा डबा चमच्याने संपवते. किती गोड! तोच डबा मैत्रिणीच्या हातात दिला की विनोद. हिरोईनचं दुसऱ्या दिवशी काहीच वाढलेलं नसतं, कारण नटीने ते खाल्लेलंच नसतं. खाण्याची दृश्यं अनेकदा, वेगवेगळ्या कोनांतून चित्रित होतात, आणि ‘कट’ म्हटलं की घास थुंकायला बादली पुढे करणं ही चित्रीकरणातली नेहमीची सोय आहे. पडद्यावर बादली येत नाही. येतं ते असं शरीर, ज्यासाठी काहीच करावं लागत नाही. आहार नाही, व्यायाम नाही, भूक मारणं नाही. मेहनतीने कमावलेलं शरीर बघून निदान ‘तिने कष्ट केले’ असं म्हणता येतं. हे न करता असलेलं शरीर बघून एकच प्रश्न उरतो, मग माझंच असं का?

आता एक हिशेब. ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ हा २००१ सालचा चित्रपट जाड मुलीची प्रेमकथा म्हणून ओळखला गेला. रेने झेलवेगर या नटीने त्यासाठी वजन वाढवलं, त्याच्या बातम्या झाल्या. चित्रपटात ब्रिजेट डायरीत आपलं वजन लिहिते, १३६ पौंड. म्हणजे साधारण ६२ किलो. पाच फूट चार इंच उंचीच्या बाईचं वजन ६२ किलो असेल तर तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचं माप, २३ च्या आसपास येतो; जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १८.५ ते २४.९ हे सामान्य. थोडक्यात, पडद्यावरची ती गाजलेली ‘जाड’ मुलगी तक्त्याप्रमाणे जाड नव्हतीच. तरी तिचा नववर्षाचा पहिला संकल्प असतो वीस पौंड उतरवण्याचा.

या चित्रपटाबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. नायक तिला सांगतो की तू आहेस तशीच मला आवडतेस, आणि ते ऐकून असंख्य बायकांना हायसं वाटलं, ते खोटं नव्हतं. पण ज्या वजनाला ‘असूनही’ प्रेम मिळालं, ते वजन मुळात अडचणीचं होतं हे ठरवलं कुणी? ६२ किलोची बाई पडद्यावर जाड ठरली की तिकडे ७५ किलोच्या बाईला जागाच उरत नाही.

दोनच वर्षांनी आलेल्या ‘लव्ह ॲक्चुअली’त नताली नावाच्या एका पात्राच्या जाडीवर वारंवार शेरे आहेत, ती भूमिका करणारी नटी बघितली तर जाडी कुठे शोधायची हा प्रश्न पडतो. त्याचे लेखक-दिग्दर्शक रिचर्ड कर्टिस ‘ब्रिजेट जोन्स’च्याही पटकथाकारांपैकी एक. २०२३ साली चेल्टनहॅमच्या साहित्य महोत्सवात त्यांची मुलाखत त्यांच्या मुलीनेच घेतली, आणि अशा विनोदांबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. शाळेच्या दिवसांत पडद्यावरून आपल्या मनात पक्कं बसलेलं विधान आपल्या मोठेपणी मागे घेतलं गेलं, तर बरं वाटतं. बसलेलं मात्र निघत नाही.

न्यायाने बोलायचं तर हे सगळं सिनेमाने शोधून काढलेलं नाही. ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ ही म्हण पडद्याची वाट बघत थांबली नव्हती. सिनेमाने त्या म्हणीला पार्श्वसंगीत दिलं.

पुरावा किती भक्कम?

इथे जरा सांभाळून बोलायला हवं, कारण ‘सिनेमाने मुली बिघडतात’ छापाच्या विधानांचा मला कंटाळा आहे.

सगळ्यात जास्त सांगितला जातो तो प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवरचा अभ्यास. तिथल्या नाड्रोगा भागात भरलेलं, धष्टपुष्ट शरीर चांगलं मानलं जायचं. १९९५ मध्ये तिथे टीव्ही आला. संशोधक ॲन बेकर यांनी त्याच वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी पुन्हा केली. खाण्याच्या विकाराचा धोका दाखवणारे गुण प्रश्नावलीत मिळालेल्या मुलींचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी आधी एकही नव्हती. १९९८ मध्ये ११.३ टक्के होत्या. आकडे धक्कादायक आहेत, पण दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, प्रत्येक वेळी साठ-पासष्टच, आणि त्या काळात त्या समाजात टीव्हीखेरीजही बरंच बदलत होतं. मला त्यात आकड्यांपेक्षा मुलींची बोलणी महत्त्वाची वाटतात. मालिकांमधल्या बायकांसारखं व्हायचंय असं त्या सांगत होत्या, कारण तसं शरीर असलं की नोकरी मिळते, पुढे जाता येतं अशी त्यांची समजूत झाली होती. म्हणजे त्यांनी शरीर एकटं उचललं नाही. शरीराला जोडून आलेली गोष्ट उचलली.

शेली ग्रेब, मोनिक वॉर्ड आणि जॅनेट हाइड यांनी २००८ मध्ये ७७ अभ्यास एकत्र करून पाहिले. बारीक शरीरं दाखवणारी माध्यमं आणि बायकांची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी यांचा संबंध त्यांना आढळला. परिणाम लहान ते मध्यम. २०१३ मध्ये क्रिस्टोफर फर्ग्युसन यांनी अशीच छाननी करून वेगळं सांगितलं: बहुतेकांवर परिणाम नगण्य, जो होतो तो आधीच शरीरावर नाराज असलेल्या बायकांवर. मला या दोन्हींत भांडण दिसत नाही. जिची जखम आधीच ओली आहे तिलाच मीठ झोंबतं. ती ओली कशाने होते याला आई-वडील, मैत्रिणी आणि माध्यमं अशी तिन्ही कारणं आहेत, अशी मांडणी केव्हिन थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच केली होती. घरात ताटावर बसल्यावर कुणाच्या पानाकडे बघून काय बोललं जातं, याचं वजन चित्रपटापेक्षा कमी नाही.

ठाऊक असलं तरी

‘हे सगळं खोटं असतं, आम्हाला ठाऊक आहे,’ असं आपण म्हणतो. ‘प्रिटी वूमन’च्या १९९० सालच्या पोस्टरवर चेहरा जुलिया रॉबर्ट्सचा आहे आणि शरीर तिच्या जागी उभ्या केलेल्या दुसऱ्याच बाईचं, बॉडी डबलचं. म्हणजे पट्टी म्हणून जिला वापरायचं, तीही पट्टीला पुरली नाही. हे कळलं की आपण सुटलो, असं वाटतं.

तसं होत नाही. जाहिरातीच्या फोटोत शरीरात फेरफार केला असेल तर तसं लिहा, असा कायदा इस्रायलने २०१२ मध्ये केला. फ्रान्समध्ये २०१७ पासून नियम आहे. हेतू उत्तम. पण मारिका टिगेमन आणि सहकाऱ्यांनी अशा इशाऱ्यांचे प्रयोग केले तेव्हा नाराजी कमी झाली नाही. अमुक भाग बारीक केला आहे असं लिहिलं की बघणाऱ्यांची नजर नेमकी तिथेच जास्त वळली. तुलना ही विचार करून होणारी गोष्ट नाही. शहाणपण पोहोचेपर्यंत ती उरकलेली असते.

थोडाफार गुण आला तो वेगळ्याच उपायाने. एरिक स्टाइस यांनी तयार केलेल्या कार्यक्रमात मुलींना व्याख्यान दिलं जात नाही. बारीक असणं हाच आदर्श का नको, हे मुलींनीच दुसऱ्यांना पटवून द्यायचं असतं, पत्र लिहून, प्रसंग उभा करून. आपणच मोठ्याने बोललेलं आणि आपण मनात मानतो ते यांचा मेळ बसला नाही की माणूस अस्वस्थ होतो आणि मनातलं सरकवतो. ही कल्पनाही फेस्टिंजरचीच, १९५७ सालची. ज्याने पट्टी दाखवली त्याच्याच सामानात ती वाकवायचं अवजार निघालं.

पडद्यावरही थोडं हललं आहे. वेगवेगळ्या अंगाच्या नायिका दिसू लागल्या आहेत, तरी बऱ्याचदा जाडी हाच गोष्टीचा विषय असतो. जाड बाई आहे आणि चित्रपट भलत्याच कशाबद्दल तरी आहे, असं क्वचितच होतं. आणि पडद्याबाहेरची गोष्ट जुनीच चालते. ‘दम लगा के हैशा’साठी भूमी पेडणेकरने वजन वाढवलं, २०१५ मध्ये चित्रपट आला, कौतुक झालं, आणि लगेच ते वजन तिने उतरवलं कसं याच्याही बातम्या तितक्याच चवीने वाचल्या गेल्या.

ब्रिजेटचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. २०१६ मध्ये तिसरा भाग आला. तोवर तिचं वजन अखेर तिला हवं तिथे पोहोचलं होतं. चित्रपट सुरू होतो तेव्हा तिचा त्रेचाळिसावा वाढदिवस आहे, आणि मेणबत्ती विझवायला घरात ती एकटीच आहे.